विमलाबाईंची सही

आमचे सुखदेव नागपुरात वकील होते. लंडनच्या हाउन्सलो भागात आलो, तर ती सनद इथे चालेना. मग सहा वर्षं एअरपोर्टच्या गोदामात खोकी उचलली आणि शिफ्ट संपली की परीक्षांचा अभ्यास केला. झाले एकदाचे सॉलिसिटर, म्हणजे इथले वकील. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! लायब्ररीतून एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा अमेरिकन वकिलाचं चरित्र आणलं. तो म्हणे घोड्यावरून गावोगाव खटले चालवता चालवता राजकारणात शिरला. झालं, यांच्याही डोक्यात कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक शिरली.

"अहो, आपल्याकडे घोडा नाही, बसचा पास आहे," मी म्हटलं. हसले नुसते. मला मात्र हसू येत नव्हतं. निवडणुकीची बातमी पसरल्यापासून दोनदा दाराच्या फटीतून 'परत जा' अशी चिठ्ठी आत पडली होती. जिवाला घोर लागला होता नुसता.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत चारची. सूचक म्हणून सही विमलाबाईंची. आमच्या लोकांत हा मान त्यांचाच. इथे आल्यावर पहिली खोली त्यांनीच दिली होती. पण फेब्रुवारीत त्या लेकीकडे फेल्टहॅमला, दुसऱ्या वॉर्डात, राहायला गेल्या. आपल्या वॉर्डाच्या मतदारयादीत त्यांचं नाव अजून आहे का, हे विचारायचं धाडस काही वकीलसाहेबांना झालं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईंना असं कसं विचारायचं!

तीन वीसला कौन्सिलच्या कचेरीतून यांचा फोन. "सीमा, बाईंचं नाव यादीतून गेलंय. सही चालत नाही. कोरा फॉर्म दिलाय. अनुमोदक म्हणून माझ्या ऑफिसातला प्रणय इथे आहेच, सूचक हवाय. तुझं नाव यादीत आहे. येतेस?"

पर्स उचलून निघाले. खरं सांगते, बस चुकवावी असं मनात आलं. स्टॉपवर नुसतं उभं राहायचं, की निवडणूक टळली. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर बघत राहिला. आणि लक्षात आलं, चिठ्ठी टाकणाऱ्याला हवं तेच मी करतेय. चढले.

तीन बावन्नला पोचले. काउंटरवरची बाई म्हणाली, "सूचकाचं नावही नोटिशीवर लागतं, सगळ्यांना दिसतं. चालेल ना?"

पेन उचललं. सही केली.

"मला आधी का नाही विचारलंत?" मी यांच्याकडे वळून म्हटलं.

"तू भितेस म्हणून," हे हळूच म्हणाले.

"भितेच आहे. अजूनही," मी म्हटलं, आणि फॉर्म बाईकडे सरकवला.