गोमुखी कॉलनी

सरळ रेघ म्हणून जी काही वस्तू जगात आहे, तिच्याशी माझ्या बायकोच्या मामांचं जन्माचं वाकडं होतं. टोपी एकीकडे, धोतराचा सोगा दुसरीकडे. नुसता चहा हवा असला तरी बोलणं दुसरबीडच्या कुण्या साडूच्या म्हशीपासून सुरू व्हायचं आणि चहापर्यंत येईस्तोवर चूल विझलेली असायची. अशा माणसानं मलकापुरात स्टेशनापलीकडचं आपलं कपाशीचं वावर मोडून तिथं कॉलनी काढायचं ठरवलं. महाराष्ट्र तेव्हा नवा होता, कॉलनी हा शब्द त्याहून नवा, आणि दुर्दैवानं माझं अक्षर बरं होतं. जावई म्हणून माझा मान जेवणाच्या पाटापुरता. एरवी मी त्यांचा अर्जनवीस.

या खटाटोपामागे मामी होत्या. भावांच्या वाटणीत मामांना वावर आलं आणि राहतं घर गेलं, तेव्हापासून मामी भाड्याच्या दोन खोल्यांत होत्या. कॉलनीतला कोपऱ्याचा प्लॉट मामांनी त्यांच्या घरासाठी राखला होता. मामींनी आयुष्यात मागितलेली वस्तू ती एकच.

आता आमच्याकडं राहायची जागा गोमुखी लागते, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि मागं रुंद. उलटी असली की ती वाघमुखी, अशुभ. पहिल्या गिऱ्हाइकानं तशीच मागितली, दुसऱ्यानंही मागितली. मामांना नाही म्हणणं जमत नसे. "माणूस जिंदगीत एकडाव घर बांधते. त्याले वाघाच्या तोंडात काऊन ढकलू?" असं म्हणत त्यांनी सगळेच्या सगळे चाळीस प्लॉट गोमुखी पाडले. पुढं तीस फूट, मागं चाळीस. मागच्या बाजूला शेजारचे प्लॉट एकमेकांना चिकटले, पण दर दोन प्लॉटांच्या मध्ये रस्त्याच्या बाजूला एकेक त्रिकोण उरला. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्यावर तो पहिल्यांदा दिसला आणि मामा बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले.

मोकळी जागा कुठं मोकळी राहते? एका त्रिकोणात बकरी आली, दुसऱ्यात पानाची टपरी, तिसऱ्यात देऊळघाटच्या एका गृहस्थानं कडब्याची गंजी रचली आणि शेजाऱ्यानं ती उचलून रस्त्यावर ठेवली. प्रत्येक भांडण मामांकडं यायचं आणि मामा दोघांनाही "तुमचंच खरं हाये" असं सांगून परत पाठवायचे.

मंजुरी काही मिळेना, आणि मंजुरीशिवाय नळ नव्हता. राज्य नवं असल्यामुळं कागद कुठल्या टेबलावर जायचा हे टेबलांनाच ठाऊक नसे. मामांबरोबर कचेरीच्या बाकावर बसून बसून मला पाठीचं दुखणं लागलं. अखेर एका साहेबानं नकाशा उघडला आणि विचारलं, "हे तुकडे कुणाचे?"

"गाईचे गाल हायेत साहेब," मामा म्हणाले.

साहेब हसले नाहीत. रेघा सरळ करा, त्रिकोण शेजाऱ्यांत वाटून द्या आणि मैदानासाठी एक प्लॉट मोकळा सोडा, असं त्यांनी सांगितलं. त्रिकोण मामांनी फुकट वाटले. मैदानाला मात्र एकच प्लॉट शिल्लक होता.

मी लेखणी खाली ठेवली. "मामींना विचारलंत का?"

"लिहा, जवाईबापू. एकोणचाळीस घरच्या बाया स्टेशनातून पानी आणून राह्यल्या." एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी लिहिलं. बऱ्या अक्षरात लिहिलं, याची मला आजही लाज वाटते.

नळ आले त्या आठवड्यात मामी पहिल्यांदाच मैदान पाहायला आल्या. पोट्टे चेंडू खेळत होते. मामी कडेला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आपली चूल कुठं आली असती हो?"

मामा पावलं मोजत मैदानात गेले आणि एका जागी उभे राहिले. मामी पदर सावरत त्यांच्याजवळ गेल्या, पूर्वेकडं तोंड करून खाली बसल्या. पोरांनी खेळ थांबवला. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "चाला आता. पोरायले खेळू द्या."

पुढं काही वर्षांनी मामी वारल्या, तेव्हाही त्या भाड्याच्याच खोलीतून गेल्या.