भिंतीवरचे पिस्टन

त्याला सगळे पारखी म्हणत. हे नाव भंगारवाल्याने ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलंय असं मानणारा माणूस अख्ख्या बाजारात एकच होता, तो म्हणजे पारखी स्वतः.

लाकडाच्या वखारीतली फिटरची नोकरी संपल्यावर माणसं घरी बसतात, नातवंडं खेळवतात, बायकोच्या पायात पायात करतात. याने जुन्या चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरच्या साखळीच्या करवती, विकत घ्यायला सुरुवात केली. गंजलेल्या, दोरी तुटलेल्या, माळ्यावर कोंबड्यांनी घाण केलेल्या. मागच्या खोलीत बायकोला शिलाईचं मशीन ठेवायचं होतं, तिथे या करवती येऊन बसल्या. हात मात्र चांगला होता, ते नाकारून चालणार नाही. कार्बोरेटर खोलून तो दात घासायच्या ब्रशने असा साफ करायचा की चार वर्षं मेलेली करवत दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला बोंबलत उठायची. तोंड बंद ठेवून त्याला हे काम करता आलं असतं, तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

पण तोंड बंद राहील तर शपथ. करवत विकत घ्यायला गेला की आधी तो विकणाऱ्याच्याच अंगणात उकिडवा बसून सायलेन्सर काढायचा आणि त्यामागच्या भोकातून बॅटरी मारून आत पिस्टन बघायचा. या मशीनच्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. आतल्या पिस्टनला दुसरं वंगण नाही. घाईगर्दीत कुणी नुसतंच पेट्रोल ओतलं की पिस्टन घासतो, त्याच्यावर उभे ओरखडे पडतात आणि मशीन जागच्या जागी आवळून बसतं. ओरखडे दिसले की पारखीचा चेहरा खुलायचा. "जीव घेतलात हिचा," तो म्हणायचा, आणि ती करवत मातीमोलाने उचलायचा.

तो मेलेला पिस्टन मग मागच्या खोलीतल्या भिंतीवर खिळ्याला लटकायचा. खाली खडूने गुन्हेगार: दूधवाला. शाळेचा शिपाई. सुताराचा जावई. गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी भिंत. एकेका गाढवाची कहाणी साग्रसंगीत.

"आपल्या माणसांचे फोटो ट्रंकेत," बायको म्हणायची, "आणि या परक्यांची नावं भिंतीवर."

सगळीच परकी नव्हती. मधोमध, सगळ्यांच्या नजरेत येईल असं एक नाव होतं: मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ झाडं तोडून पोट भरायचा. एकदा घाईत त्याच्याकडून नुसतं पेट्रोल गेलं, आणि संध्याकाळी स्वतःच येऊन त्याने ते सांगितलं. त्याचं बक्षीस हे. घरात चार माणसं जमली की पारखी त्याच पिस्टनवर बोट ठेवायचा. मेहुणा हसायचा. बहीण चहाचे कप आदळायची.

खोलीच्या कोपऱ्यात पेट्रोलचे दोन पत्र्याचे डबे होते, अगदी जुळे. डावीकडच्यात तेल मिसळलेलं, उजवीकडच्यात भाग धुवायचं नुसतं पेट्रोल.

"एकाला चिंधी तरी बांधा," बायको म्हणाली होती.

"खुणा अडाण्यांना लागतात. मला वास कळतो."

कळायचा, एके काळी. टोपण उघडलं की हातभर अंतरावरून तो मिश्रण ताजं की शिळं तेसुद्धा सांगायचा. पण त्या हिवाळ्यात त्याला जबर सर्दी झाली. सर्दी गेली आणि वास घेऊन गेली. एकदा तो ओट्याशेजारी बसलेला असताना दूध उतू जाऊन जळून कोळसा झालं, तेव्हा बायको गच्चीवरून धावत आली.

"अहो, शेजारी बसून वास नाही आला?"

"पेपर वाचत होतो."

त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? ज्यांना भिंतीवर टांगलं त्यांना? डावा डबा तेलाचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं, असं म्हणून तो पूर्वीइतक्याच थाटात डब्यावर वाकून नाक फुलवत राहिला. ढोंगाला काय, रियाज लागत नाही.

मेहुण्याचा खांदा मोडला होता. दोन वर्षं हाताला काम नव्हतं. आता खांदा बरा झाला होता, आणि एका ठेकेदाराने रस्त्याकडेची झाडं काढायला बोलावलं होतं. एक दिवस काम बघणार, पटलं तर पूर्ण हंगाम. करवत मात्र बंद पडलेली. ती घेऊन तो बहिणीकडे आला.

"या वेळी भिंत दाखवू नका," बायकोने नवऱ्याला बजावलं. "करवत चालू करून द्या. त्याचं घर यावर आहे."

पारखीने जीव ओतून काम केलं. साखळीचा एकेक दात कानशीने घासला. ठरल्या सकाळी मेहुणा दारात उभा असताना त्याने डावा डबा उचलला, नाकाशी धरला, मान डोलावली आणि टाकी काठोकाठ भरली.

"मीच भरलीये. टोपणाला हात लावू नकोस. तुझा काय भरवसा!"

मेहुणा हसला आणि गेला.

दुपार कलायच्या आत तो परत आला. एक बुंधा अर्ध्यावर असताना करवत किंचाळली आणि आवळून बसली होती. ठेकेदार म्हणाला, उद्या सकाळी धड मशीन आणलंस तर ये, नाहीतर माझ्याकडे माणसं आहेत.

पारखीने सायलेन्सर काढला, बॅटरी मारली. ओरखडे. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला आनंद झाला.

"तेल नाही घातलंस! पुन्हा तेच!"

"टोपण उघडलंच नाही, भावोजी. तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी वास घेऊन भरलंय!"

बायको आतून वर्तमानपत्राचा कागद घेऊन आली. तिने दोन्ही डब्यांतला एकेक थेंब त्यावर टाकला. तिघंही वाकून बघत राहिले. उजव्या डब्याचा थेंब वाळला आणि तेलकट डाग मागे राहिला. डाव्याचा वाळला तो कागद कोराच्या कोरा.

"काल झाडताना मी डबे उचलले होते," ती म्हणाली. "परत कुठला कुठे ठेवला, बघितलं नाही. म्हटलं, तुम्हाला वास कळतो." मग तिचा आवाज चढला. "त्या दिवशीचं दूधही पेपरमुळेच जळलं का?"

पारखी उठला. फळीवरची त्याची सगळ्यात लाडकी करवत, जिला तो गिऱ्हाइकाला हातही लावू देत नसे, ती त्याने खाली घेतली. टाकीचं टोपण उघडलं. उजवा डबा उचलून त्याने बायकोपुढे धरला.

"बघ गं, यात तेल आहे ना?"

तिने वास घेतला. "आहे."

टाकी भरली. तिने जुन्या परकराची चिंधी फाडली आणि त्या डब्याच्या कडीला गाठ मारली.

"ही घेऊन जा उद्या," तो मेहुण्याला म्हणाला. मग भिंतीपाशी गेला आणि मधल्या पिस्टनखालचं नाव तळहाताने पुसायला लागला.

"ते राहू द्या, भावोजी," मेहुणा म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "ती चूक माझीच होती. मी त्याच दिवशी येऊन सांगितली होती."

पारखीचा हात तिथेच थांबला. अर्धं पुसलेलं 'मेहुणा' त्याने खडूने पुन्हा नीट लिहिलं. शेजारी एक रिकामा खिळा होता, त्याच्याखाली खडू टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. बायको चहा ठेवायला आत गेली.