भोंगेवाल्या लालमियाँचं चुंबक

मस्तगडात लालमियाँ म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतात. ‘भोंगेवाले चाचा’ म्हणा, कुणीही दुकानापर्यंत आणून सोडतं. उरूस असो, लग्न असो की गणपती, बिघडलेला भोंगा शेवटी त्यांच्याच टेबलावर येतो. दुकान मस्तगडात, घर मात्र आमच्या वस्तीत, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याच्या मागं. माणूस फाटक्या तोंडाचा, पण मनात पाप नाही.

आमच्या बोअरच्या पाण्यात शिसं निघालं, तेव्हा कारखान्यानं टँकर सुरू केला. उपकार केल्यासारखा! मग त्यांनी एका कॉलेजच्या मॅडमना बोलावलं. मंडप घातला, भोंगा अर्थात लालमियाँचा. मॅडमनी बोअरच्या पाण्याच्या बाटलीत काळी भुकटी टाकली, हलवली आणि बाहेरून चुंबक लावलं. सगळी भुकटी सरकत काचेला जाऊन बसली, पाणी नितळ. आम्ही बघतच राहिलो. मॅडम सांगत होत्या, ‘‘ही नॅनो कणांची भुकटी आहे. अजून प्रयोग चालू आहे. पाण्यातलं शिसं या कणांना...’’

तेवढ्यात कारखान्याच्या साहेबानं माईक ओढून घेतला. ‘‘बघितलं? चुंबकानं पाणी शुद्ध! आता काळजी मिटली!’’

टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि पुढच्या आठवड्यात टँकर बंद. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ही!

मग जो तो लालमियाँकडं. मोडक्या भोंग्यांची चुंबकं त्यांच्याकडं ढीगभर पडलेली. त्यांनी फुकट वाटली. सगळ्यात मोठं स्वतःच्या मडक्यात टाकलं, कारण त्यांची नाजिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ‘‘पी बेटी, बेफिकर पी,’’ म्हणायचे तिला.

एक दिवस मी भजनी मंडळाचा माईक दुरुस्तीला घेऊन दुकानात गेले होते. त्यांनी टेबलावर चुंबक ठेवलं, तसे स्क्रू टणाटण उडून त्याला चिकटले. शेजारी डाग द्यायची सोल्डरची तार पडली होती, ती जागची हलली नाही. लालमियाँनी ती उचलून चुंबकाला लावली. गळून पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला.

‘‘ताई, ह्या तारेत शिसं हाय. जिंदगी गेली माझी हे वितळवण्यात. शिसं चुंबकाला चिकटतच न्हाई!’’

रिक्षा करून आम्ही तडक कॉलेजात गेलो. मॅडम म्हणाल्या, ‘‘चाचा, शिसं धरते ती भुकटी. चुंबक फक्त भुकटीला ओढून काढतं. नुसत्या चुंबकानं काहीच होत नाही. मी तेच सांगत होते हो, माईक घेतला ना माझा.’’ टँकर बंद झाल्याचं त्यांना ठाऊकही नव्हतं.

घरात शिरताच लालमियाँनी नाजियाच्या हातातला गिलास उडवला. ‘‘मत पी!’’ पोरगी रडायला लागली. लालमियाँ भोंगा घेऊन छपरावर चढले.

‘‘ऐका हो! चुंबकानं शिसं निघत न्हाई! आपल्याला येड्यात काढून राह्यले! बोअरचं पाणी लेकरांना देऊ नका!’’

थोड्या वेळात पोलिसांची जीप हजर. कारखान्यातून तक्रार गेली होती. भोंग्याची परवानगी कुठंय? वा रे वा! आमच्या पाण्यात शिसं सोडताना कुणाची परवानगी घेतली होती, हे कुणी विचारलं का? भोंग्याचा ॲम्प्लिफायर जप्त करून गेले.

सकाळी आम्ही बाया मडक्यांतली चुंबकं काढून कारखान्यावर गेलो. लालमियाँ होतेच. आठव्या महिन्यातली नाजिया सगळ्यांच्या पुढं. तिनं पहिलं चुंबक लोखंडी गेटवर मारलं. खट्‌. मग आमची सगळ्यांची, खटाखट. चौकीदार उपटायला धावला. नखं मोडली, एकही निघेना.

‘‘कशाला ताकद लावून राह्यला, भाऊ?’’ लालमियाँ म्हणाले. ‘‘गेट लोखंडाचं हाय, चिकटणारच. शिसं आमच्या पोटात हाय. ते कसं काढता, ते सांगायला बोलवा तुमच्या साहेबाला.’’