पहिल्या वेचणीला मला कोणी उठवलं नाही

"रेमिशन," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आत्ताच्या तपासणीत रोग दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू." नागपूरच्या त्या दवाखान्यात माझे यजमान खुर्चीतच रडले. मी मात्र त्या तीन महिन्यांपाशीच अडकले.

आधी लोबेक्टॉमी झाली होती, म्हणजे फुफ्फुसाचा रोगट भाग कापून काढला. मग चार केमो. ते सगळं मी दातओठ आवळून काढलं. राळेगावला घरी आल्यावर मात्र जीव एका जागी ठरेना. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. जरा खोकला आला की वाटायचं, आलाच परत. मी खोकले की घरातले टीव्हीचा आवाज बंद करून माझ्याकडे बघायचे. त्याचा तर फारच राग यायचा.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. घरच्या बाईनं वावरात दहीभात वाहायचा, पहिला कापूस वेचायचा, मग मजूर बाया ओळीत शिरतात. तीस वर्षं हे मीच केलं. यंदा सकाळी उठले तर घर रिकामं. सून दहीभात घेऊन कधीच गेली होती.

ती परत आली तशी मी कडाडले, "मले जित्तेपणीच फोटोत बसवलं का तुमी?"

"आई, तुमाले धूळ लागन म्हणून..." ती रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून मी पायीच निघाले. वाटेत चार वेळा थांबले. अर्धी ओळ वेचली आणि धाप लागून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसले. यजमान मागोमाग आले होते, मला पत्ताच नव्हता.

"सूनबाईले बोलू नको. तुले उठवाले म्याच नाई म्हटलं तिले," ते म्हणाले. "तुले वावरात काही झालं असतं तं? मले लय भेव वाटते. जेवन जात नाई."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सदरा खांद्यावरून ओघळत होता. इतके महिने माझं वजन घरादारानं मोजलं. यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, मीही नाही. मला माझीच लाज वाटली.

तुमच्या घरी कोणी असं बरं होऊन आलं, तर त्याचं काम त्याला विचारल्याशिवाय काढून घेऊ नका. धास्ती जात नाही, माझीही गेलेली नाही.

परवा स्कॅनला गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "जेवण जातं का? भीती वाटते?"

"वाटते," मी म्हणाले. "पण आधी यांना विचारा."