पोहण्याच्या मावशी आणि गार पाणी

तलावावर मुलांना पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांच्या हातांवर, मानेवर पांढरे डाग होते. मुलीला घेऊन आलेली एखादी नवी आई दबकत विचारायची, "पाण्यातून पसरत नाही ना हो?"

"पसरलं असतं तर एव्हाना तलावच पांढरा झाला असता! कोड आहे ते. शंभरात एखाद्याला असतंच. तुमच्या लग्नाला तीनशे माणसं असतील, तर त्यातली दोन-तीन तशी जेवून गेली असतील. झालं का कुणाला काही?"

आई हसायची, मुलगी पाण्यात उतरायची.

तरुणपणी मावशींनी लेप, काढे, पथ्यं सगळं करून पाहिलं होतं. शेवटी वैतागून त्यांनी बाटल्या फेकल्या आणि डॉक्टरची पायरी चढायची नाही असं ठरवलं. ते त्यांनी इमानेइतबारे पाळलं. घोटाळा तिथेच झाला.

या वर्षी भर उन्हाळ्यात त्यांना पाणी गार लागू लागलं. पाय जड झाले. एकदा तर मुलं पाण्यात असताना काठावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. दचकून पाहिलं, तर मुलं सुखरूप होती. तरी मावशींनी त्यांना दोनदा मोजलं. त्याच दिवशी त्यांनी व्यवस्थापकांना सांगून टाकलं, "हंगाम संपला की मी काम सोडते." तोवर वर्गावर दुसरा शिक्षक उभा केला आणि घरी येऊन नणंदेला सगळं सांगून म्हणाल्या, "वय झालं."

नणंद दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. "वय? वहिनी, मी तुझ्याहून मोठी. मी पेंगते का?"

"तुला कोड नाही."

"तेच म्हणते! कोड असलेल्यांत थायरॉइडचा त्रास जास्त दिसतो. कुणाला मधुमेह होतो, कुणाचे चट्ट्याचट्ट्यांनी केस जातात, कुणाला बी-बारा कमी पडतं. सगळ्यांना होतं असं नाही, पण बघून तर घ्यावं!"

"डागांसाठी मी कुठे येणार नाही."

"डागांना कोण विचारतंय? मला शीर दाखव."

मावशी फणकारत गेल्या. रक्त तपासल्यावर कळलं, थायरॉइडचं काम चांगलंच मंदावलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली, डागांबद्दल अवाक्षर काढलं नाही. मावशींनाच राहवेना. दारातून वळून त्यांनी विचारलं, "आणि या डागांचं?"

"त्रास होतो का त्यांचा?"

"मला नाही. लोकांना होतो."

"मग लोकांना पाठवून द्या."

हसत हसत घरी आलेल्या मावशी गोळ्या नेमाने घेऊ लागल्या. हळूहळू पाय हलके झाले, झापड गेली. पुन्हा तपासणी झाली, डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि मावशी पाण्यात उतरल्या. व्यवस्थापकांना "जात नाही" म्हणून सांगायचं मात्र राहूनच गेलं.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी व्यवस्थापक निरोपाचं भलंमोठं घड्याळ घेऊन काठावर आले. छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या मावशींनी एका मुलीच्या पोटाखाली हात धरला होता.

"मावशी, हे तुमच्यासाठी. घरी लावा."

"इथेच लावा," मावशी म्हणाल्या. "उद्यापासून मोठ्या बायकांचा वर्ग घेणार आहे मी. त्यांना वेळेवर यायची सवय नसते."