पाण्यातली वाट

"आपण पाय ठेवला नाही, तर गवत ठेवणारच," असं डॉर्कस पिनॉक येता-जाता म्हणायची. हार्नलीच्या शाळेत तिनं जन्मभर स्वयंपाक केला, आणि दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी ती यार्ल नदीच्या काठाकाठानं विझबर्नपर्यंत दिवसभर चालली. सोबतीला शेजारचा विल्फ टॅन्सली, निवृत्त पोस्टमन. नवरा गेला त्या वर्षीही तिनं खंड पडू दिला नाही. लोक चालायचे थांबले की वाट जमीनमालकाच्या पोटात जाते, हे तिनं दोन गावांत पाहिलं होतं.

यंदा पुरानं वाटेतल्या क्रॅबच्या कुरणाचा काठ खाल्ला. वाट काठासकट नदीत गेली. उरलेल्या जमिनीच्या अगदी कडेवर कुरणाचा मालक रोलंड क्रॅबनं तारेचं कुंपण ठोकलं.

दुपारी दोघं तिथं पोचली, तर रोलंड कुंपणाआड उभाच.

"बाई, मागं फिरा. वाट गेली नदीत. माझ्या कुरणात आता वाट नाही."

"कुंपण दोन हात आत घेतलंस तर मेंढ्या उपाशी मरतील होय रे?"

"आज तुम्हाला सोडलं, की उद्या अख्खं गाव येईल."

"येऊ दे की! तू शाळेत दुसऱ्यांदा कस्टर्ड मागायचास, तेव्हा मी म्हटलं का, उद्या अख्खी शाळा मागेल?"

विल्फनं हसू खोकल्यात लपवलं. रोलंडचे कान लाल झाले, पण तो हलला नाही.

"चल गं, डांबरी रस्त्यानं जाऊ," विल्फ हळूच म्हणाला.

"बसनंच जाऊ म्हण की!" मग ती रोलंडकडे वळली. "वाट कुठं गेली म्हणालास?"

"नदीत."

"बरं झालं सांगितलंस."

ती खाली बसली. बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवले, स्कर्ट कमरेत खोचला आणि पाण्यात उतरली.

"अहो बाई, वेड लागलंय का? बर्फासारखं पाणी आहे!"

"कुरण तुझं. पाण्याचं तू बोलू नकोस."

पाणी मांडीला लागलं. एकदा तिचा तोल गेला, तशी तिनं कुंपणाचा खांब धरला. रोलंडचा हात तारेतून आपोआप पुढं आला. तिनं तो धरला नाही.

"खांब मात्र घट्ट ठोकलास हो, शाबास!"

कुंपण संपलं तिथं ती मुळांना धरून वर चढली आणि तशीच अनवाणी, गळ्यातले बूट छातीवर आपटत, विझबर्नच्या दिशेनं चालू लागली. रोलंड तारेत हात अडकल्यासारखा बघत राहिला. विल्फही बघत होता, गवतात बसून, बुटांच्या नाड्या सोडत.