वीस सेकंद, पाण्याशिवाय

मी इंजिनियर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. घर उज्जैनला, माधव नगरात. दरवर्षी गावात माजी सैनिकांचा सत्कार होतो आणि मला क्षिप्रेच्या पुराबद्दल चार शब्द बोलायला लावतात. मी सांगतो, बोटीची मोटर जुनी होती, ऐन वेळी बंद पडली, आम्ही ती दुरुस्त केली आणि अठरा माणसं वाचवली. टाळ्या पडतात, नारळ मिळतो. ते सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. राहिलेलं आज लिहितो.

बोटीच्या मागे लावायच्या मोटरला आम्ही ओबीएम म्हणतो. आमच्याकडे दोन होत्या, एक नवी आणि एक माझ्या नोकरीपेक्षा जास्त नोकरी झालेली. नायक मंगल उरांव तिला ‘नानी’ म्हणायचा. मंगल रांचीकडचा, माझ्या सेक्शनचा बोट ऑपरेटर, बोलायला कमी आणि पोहायला पक्का. मी मेकॅनिक, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा.

अशा मोटरच्या पोटात खाली एक छोटा पंप असतो. त्यात सहा पाकळ्यांचा रबरी पंखा. इंजिनापासून खाली जाणारा शाफ्ट हा पंखा फिरवतो, पंखा नदीचं पाणी वर ढकलतो आणि इंजिन थंड राहतं. पाणी फिरतंय याची खूण म्हणजे मागून उडणारी बारीक पिचकारी. म्हणून किनाऱ्यावर मोटर चालवून बघायची, तर तिचं खालचं अंग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवायचं. कोरडी चालवली तर रबर जळतं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे मीच शिकवत असे.

पुराच्या तीन दिवस आधी सीओ साहेबांचं, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरचं, इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हणजे काय हे फौजेतल्या माणसाला सांगायला नको. दगडांना चुना, कुंड्यांना गेरू. आमच्या ड्रमलाही गेरू लावला आणि फरशी ओली दिसू नये म्हणून तो रिकामा करून ठेवला. साहेब नानीसमोर थांबले. “चालू करके दिखाओ.”

मंगल माझ्या कानाशी आला. “उस्ताद, पानी?”

“बीस सेकंद की तो बात है,” मी म्हणालो आणि दोरी ओढली.

एका झटक्यात चालू झाली. साहेब म्हणाले, शाबाश. माझी छाती फुगली. नंतर पंप उघडून बघायला हवा होता, तो बघितला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आमचा कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, उज्जैनला पोहोचला. माझंच गाव, माझीच नदी, पण ओळखू येत नव्हती. नवी मोटर घेऊन सुभेदार साहेब शहराकडच्या वस्तीत गेले. नानी घेऊन मी आणि मंगल नदीच्या खालच्या अंगाला एका खेड्याकडे. शाळेच्या गच्चीवर अठरा माणसं अडकली होती.

०८१० ला पहिली फेरी. बोटीत नऊ जण बसले, त्यात बायका आणि मुलं. मंगल वायरलेस सेट घेऊन गच्चीवर उतरला. “एक जगह और बनेगी,” एवढंच बोलला. परत येताना मी मागे पाहिलं तर पिचकारी नव्हती. जळक्या रबराचा वास आला. वाफ निघाली आणि किनारा हाकेवर असताना नानी बंद पडली. जवानांनी दोर फेकून आम्हाला ओढून घेतलं. ०८५० वाजले होते. गच्चीवर नऊ माणसं आणि मंगल.

वल्ह्यांनी त्या धारेत जाणं म्हणजे बोट घालवणं. सुभेदार साहेबांना सेटवर विचारलं. “दोपहर से पहले नहीं छूट सकता. ओव्हर.” ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टरचं नाव कोणी काढलं नाही.

मी खालचे बोल्ट काढले, पण खालचं अंग सुटेना. शाफ्टच्या वरच्या टोकाचे दात गंजून इंजिनात रुतले होते. डिझेल ओतलं, लाकूड धरून हातोडी मारली. जोरात मारावं तर शाफ्ट वाकेल, हळू मारावं तर वेळ जाईल. ०९४० ला सुटलं. पंप उघडला. सहापैकी दोन पाकळ्या शिल्लक होत्या. पंख्याला शाफ्टवर पकडून ठेवणारी छोटी चावी झिजली होती, तिची खाचही कुरतडली होती. मला बघताक्षणी कळलं हे कुठून आलं ते. 

“ब्राव्हो टू, पानी खिड़की तक. ओव्हर,” सेटवर मंगलचा आवाज आला. ब्राव्हो टू हे आमचं सेटवरचं नाव.

शाफ्ट आणि पंप पोत्यात गुंडाळून मी जीपमधून उज्जैनच्या नानाखेडा भागात गेलो. तिथं वडिलांचे मित्र वसंतकाका पंप दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांनी पंखा हातात घेतला.

“अरे बाबू, हा तर गेला कामातून. याचा जोड तुला पूर्ण एमपीत नाही भेटणार.”

“काका, गच्चीवर दहा माणसं आहेत.”

 कोपऱ्यात एका डेअरीचा दूध ओढायचा पंप दुरुस्तीला आला होता. तो त्यांनी उघडला. “याच्यात पण असाच रबरचा पंखा राहतो. थोडा मोठा आहे, पण कापू. डेअरीवाल्याला मी समजवून घेईन.”

काका ब्लेड घेऊन पाकळ्या कापायला बसले. मी खाच घासून सरळ केली आणि तिच्या मापाची नवी चावी घासायला घेतली. कानस भराभर चालवत होतो. काकांनी माझं मनगट धरलं.

“हात थांबव आधी. घाईत घासशील तर ही पण वाया जाईल.”

मी थांबलो. मनात आलं, त्या इन्स्पेक्शनच्या दिवशी कोणी असं मनगट धरलं असतं तर. मग आठवलं, मंगलनं धरलंच होतं.

११५५ ला किनाऱ्यावर परत. पाण्याच्या नळीत रबराचे तुकडे अडकले होते, ते तोंडानं फुंकून काढले. पंप बसला. शाफ्ट मात्र वर बसेना, दातात दात जाईना. मी खालचं अंग छातीनं वर रेटत होतो. सेटवर मंगल सांगत होता, “एक तरफ़ छत में दरार है. सबको दूसरी तरफ़ ले रहा हूँ. ओव्हर.” मी एका जवानाला बोट ढकलणारा बाहेरचा पंखा हळूहळू फिरवायला सांगितलं. फिरव. थांब. अजून. १२३५ ला दात बसले.

मोटर बोटीवर चढवली, पाण्यात उतरवली, दोरी ओढली. चौथ्या झटक्याला चालू झाली. मी मागे बघत राहिलो. काही नाही. काही नाही. मग पिचकारी उडाली, जाड आणि स्वच्छ. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आवाज सेटवरून मंगलला ऐकू गेला असावा.

“उस्ताद, पानी फेंक रहा है? ओव्हर.”

“फेंक रहा है. दस मिनट. ओव्हर.”

“आराम से लाना. ओव्हर.”

१२५२ ला पोहोचलो. निम्मी गच्ची गेली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर नऊ माणसं दोरानं टाकीच्या खांबाला बांधलेली. मी मोजली, परत मोजली. शेवटी चढलेला म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, “मैं उधर रह गया था. मेरे को इधर धकेला, और छत के साथ खुद चले गए. अभी, पाँच मिनट हुए.”

नऊही माणसं आणली. मग अंधार पडेपर्यंत मी त्या पाण्यात फिरलो. नानी एकदाही थांबली नाही. मंगल दोन दिवसांनी सापडला, बाभळीच्या काटेरी कुंपणात.

चौकशीत मी मेजर साहेबांना वीस सेकंदांचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “घर देखो अपना. अगले साल पेन्शन है.” कागदावर लिहिलं, उपकरण जुने. मी खाली सही केली. त्या सहीची लाज मला मोटरपेक्षा जास्त वाटते.

आता घाटावरच्या जीवरक्षक तैराकांना मी बोटीची मोटर शिकवतो. आधी ड्रम भरून घेतो, मगच दोरीला हात लावू देतो. ते माझ्या मागे हसतात, मला ‘ड्रमवाले काका’ म्हणतात. हसू देत. या लिखाणाची हिंदी प्रत मी मंगलच्या बायकोला पाठवणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायची तयारी आहे.

नायक मंगल उरांव. त्यानं मला पाण्याबद्दल दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे उत्तर होतं.